सहा गोल स्वीकारले, एकही केला नाही: भारतीय फुटबॉल संघाच्या कतार मोहिमेची पार्श्वभूमी

भारतीय पुरुष फुटबॉल संघ जानेवारी २०२४ मध्ये आशियाई करंडकासाठी कतारला गेला, ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला आणि गटात शेवटचा राहून परतला. हे निकाल सर्वांना ठाऊक आहेत. त्यानंतर महिनाभर चाललेला वाद मात्र जवळजवळ सगळा एकाच शब्दाभोवती फिरला, आणि तो शब्द म्हणजे ‘शिबिर’. संघाला सरावासाठी किती दिवस मिळाले, किती मिळायला हवे होते आणि ते कोणी अडवले, या प्रश्नांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तो वाद खरा होता आणि त्याचा इतिहासही मोठा आहे, म्हणून या टिपणात त्याला बरीच जागा दिली आहे. पण गोलफलकावरच्या शून्याचे कारण त्या वादात पूर्णपणे सापडत नाही, हेही येथे मांडायचे आहे.

आधी नावाचा गुंता सोडवला पाहिजे. बडोद्यात ‘आशिया चषक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात क्रिकेटच येते, आणि ज्या शहराच्या संघाने रणजी करंडक पाच वेळा जिंकला आहे तेथे ते स्वाभाविकही आहे. मराठी वृत्तपत्रे फुटबॉलच्या स्पर्धेला कधी आशिया चषक, कधी आशियाई चषक, तर कधी आशियाई करंडक म्हणतात. शिवाय आशियाई क्रीडा स्पर्धांमधले फुटबॉल ही आणखी वेगळीच गोष्ट असते. या सरमिसळीमुळे १९५१ च्या दिल्लीतील आणि १९६२ च्या जकार्तातील सुवर्णपदके अनेकदा आशियाई करंडकाच्या खात्यावर लिहिली जातात. ती पदके आशियाई क्रीडा स्पर्धांतली आहेत. आशियाई करंडक भारताने कधीही जिंकलेला नाही. क्रिकेटचा आशिया चषक १९८४ मध्ये शारजात सुरू झाला आणि भारताने तो पहिल्याच वेळी जिंकला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय फुटबॉल संघ सिंगापूरला आशियाई करंडक खेळत होता, याची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. या टिपणात फुटबॉलच्या स्पर्धेसाठी सर्वत्र ‘आशियाई करंडक’ हेच नाव वापरले आहे.

कतारमधील पहिला सामना १३ जानेवारीला, शनिवारी, आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाचला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी उत्तरायण होते. त्या वेळी बडोद्याच्या दांडिया बाजारात पतंग घेणाऱ्यांची रांग लागली होती आणि एका दुकानदाराने गल्ल्यावरच्या फिरकीला मोबाइल टेकवून सामना लावला होता. सोळाव्या मिनिटाच्या सुमारास उजवीकडून आलेल्या चेंडूवर भारताच्या कर्णधाराने सूर मारून डोके लावले आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, तेव्हा रांगेतल्या चार-पाच जणांच्या तोंडून एकदमच हळहळ बाहेर पडली. ती संधी साधली असती तर पुढे काय झाले असते, हे सांगता येत नाही; पण संपूर्ण स्पर्धेत भारताला मिळालेल्या चांगल्या संधी मोजायला एका हाताची बोटे जवळजवळ पुरतात आणि त्यांतली ही सर्वांत स्वच्छ होती. मध्यंतरापर्यंत ०-० अशी बरोबरी होती. पन्नासाव्या मिनिटाला गोलरक्षकाने ठोशाने परतवलेला चेंडू पुरेसा लांब गेला नाही आणि ऑस्ट्रेलियाने तो जाळ्यात धाडला. या सामन्याची पंच जपानची महिला होती. पुरुषांच्या आशियाई करंडकात महिलेने मुख्य पंच म्हणून काम पाहण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्या गोष्टीला आपल्याकडे मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

जुना इतिहास थोडक्यातच सांगणे बरे. १९६४ मध्ये भारत या स्पर्धेत दुसरा आला, आणि ‘उपविजेता’ हा शब्द तेव्हापासून प्रत्येक पराभवानंतर आठवणीने वापरला जातो. ती स्पर्धा इस्राएलमध्ये झाली. तिच्यात चारच संघ होते, अंतिम सामना असा नव्हता, सगळे एकमेकांशी एकेकदा खेळले. भारताने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवले, यजमानांकडून ०-२ अशी हार पत्करली. पात्रता फेरीत तर गटातल्या इतर संघांनी माघार घेतल्यामुळे खेळावेच लागले नव्हते. दक्षिण कोरियावरचा विजय अस्सल होता आणि तो संघ आशियातल्या उत्तम संघांपैकी होता, यात शंका नाही. तरीही २४ संघांच्या आजच्या स्पर्धेशी त्या दुसऱ्या क्रमांकाची तुलना करणे योग्य नाही. १९८४ मध्ये सिंगापूरला भारताने चार सामन्यांत एकही गोल केला नाही आणि इराणशी साधलेली गोलशून्य बरोबरी हीच काय ती जमेची बाजू राहिली. म्हणजे २०२४ चे शून्य पहिले नव्हते. त्यानंतर या स्पर्धेत पुन्हा येण्यासाठी २७ वर्षे गेली.

शिबिराचा प्रश्न खऱ्या अर्थाने २०११ पासून सुरू होतो. त्या वर्षीची स्पर्धाही कतारमध्येच होती. भारत तेथे २००८ चा चॅलेंज करंडक, म्हणजे आशियातल्या दुबळ्या संघांसाठीची आणि विजेत्याला आशियाई करंडकात थेट जागा देणारी स्पर्धा, जिंकून पोहोचला होता. दिल्लीतील अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ असे हरवल्यामुळे अडीच वर्षे आधीच जागा निश्चित झाली होती. तेव्हाच्या परदेशी प्रशिक्षकाने या वेळेचा पुरेपूर वापर करण्याचे ठरवले. राष्ट्रीय खेळाडूंना क्लबांकडून दीर्घकाळ सोडवून घेतले गेले, पोर्तुगालमध्ये आणि दुबईत सराव झाला, आणि महिनोन्महिने एकत्र राहिलेला संघ दोह्याला उतरला. निकाल असे लागले: ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. क्लबांनी तेव्हा तक्रार केली होती की पगार आम्ही देतो आणि खेळाडू मात्र हंगामभर आमच्याकडे नसतात. राष्ट्रीय महासंघाने त्या अनुभवातून दीर्घ शिबिराचा मार्ग जवळजवळ सोडूनच दिला. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा होता. तेरा गोल स्वीकारलेल्या त्या संघाने आशियातल्या तीन बलाढ्य संघांसमोर तीन गोल केलेही होते आणि हा भाग हिशोबात धरला गेला नाही.

२०१९ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीत, चित्र वेगळे होते. देशातील मुख्य लीग डिसेंबरच्या मध्यापासून थांबवण्यात आली, संघ महिनाअखेरीच्या आधीच अबू धाबीला पोहोचला, २७ डिसेंबरला ओमानशी गोलशून्य बरोबरीचा सराव सामना झाला आणि ६ जानेवारीला भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. आशियाई करंडकातला हा भारताचा १९६४ नंतरचा पहिला विजय. पुढे यजमानांकडून ०-२ अशी हार झाली, आणि बहरीनविरुद्ध बरोबरी साधली असती तरी बाद फेरी गाठता आली असती. पण भरपाई वेळेतल्या पेनल्टीने तीही संधी गेली. प्रशिक्षकाने त्याच रात्री पद सोडले. हे शिबिर जेमतेम अडीच आठवड्यांचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण २०२४ च्या वादात ‘दोन आठवडे म्हणजे काहीच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण सोयीस्करपणे बाजूला ठेवले.

आता २०२३ कडे येऊ, कारण निर्णय तेथे झाला. पात्रता भारताने जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांनाही हरवून मिळवली होती आणि या स्पर्धेसाठी सलग दुसऱ्यांदा पात्र ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. स्पर्धा आधी चीनमध्ये, २०२३ च्या उन्हाळ्यात, व्हायची होती. चीनने साथीच्या कारणावरून यजमानपद सोडले, कतार पुढे आला आणि तिथल्या उन्हामुळे तारीख जानेवारी २०२४ वर ढकलली गेली. या बदलाने भारताची अडचण वाढली. उन्हाळ्यात लीग नसते. जानेवारीत ती ऐन रंगात असते. स्पर्धा ठरल्यासारखी उन्हाळ्यात झाली असती, तर शिबिराचा वाद बहुधा उद्भवलाच नसता.

त्याची रंगीत तालीम सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत झाली. त्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या कालखंडात बसत नव्हत्या, त्यामुळे खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नव्हते, आणि लीग २१ सप्टेंबरला सुरू होणार होती. क्लबांनी नकार दिला, यादी शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहिली, संघ पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी चीनला पोहोचला आणि १९ सप्टेंबरला यजमानांकडून १-५ असा हरला. दोनच दिवस आधी कोलंबोत भारताने क्रिकेटचा आशिया चषक जिंकला होता आणि श्रीलंकेचा डाव ५० धावांत गुंडाळला होता. बडोद्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर त्या आठवड्यात कोणत्या विजयाची चर्चा होती, हे सांगायला नको. हांगझोऊतल्या त्याच फुटबॉल संघाने पुढे बांगलादेशला हरवून बाद फेरी गाठली, याची दखलही फारशी घेतली गेली नाही.

या अनुभवानंतर राष्ट्रीय प्रशिक्षकाने आशियाई करंडकासाठी चार आठवडे मागितले. आंतरराष्ट्रीय नियमानुसार खंडीय स्पर्धेसाठी खेळाडू सोडणे क्लबांना बंधनकारक असते, पण ते बंधन स्पर्धेच्या थोडे आधीच सुरू होते. त्याआधीचे दिवस मिळवायचे तर लीग थांबवावी लागते किंवा क्लबांची मनधरणी करावी लागते. लीग डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालू राहिली. २६ जणांचा संघ ३० डिसेंबरला जाहीर झाला, त्याच दिवशी दोह्याकडे निघाला, आणि १३ जानेवारीला मैदानात उतरला. तारखा मोजल्या तर चौदा दिवस भरतात. प्रवास आणि दमलेल्या पायांना दिलेली विश्रांती वजा केली की प्रत्यक्ष सरावाचे दिवस आणखी कमी होतात. त्यात मागचे काही महिने नियमित खेळलेले एक बचावपटू आणि दोन मध्यरक्षक दुखापतीमुळे आधीच बाद झाले होते आणि चौथा महत्त्वाचा खेळाडू संघासोबत असूनही तिसऱ्या सामन्यापर्यंत खेळू शकला नाही.

क्लबांची बाजूही ऐकली पाहिजे. हंगामाचे वेळापत्रक प्रक्षेपणाच्या करारांशी बांधलेले असते, खेळाडूचा पगार, उपचार आणि रोजचा सराव क्लबच सांभाळतो, आणि बहुतेक क्लब तोट्यात चालतात. महासंघाने हंगाम सुरू होण्याआधी ठाम तारखा ठरवून घेतल्या असत्या, तर डिसेंबरात विनंत्या करण्याची वेळ आली नसती. प्रशिक्षकानेही आपले गाऱ्हाणे बंद खोलीत मांडण्याऐवजी वारंवार जाहीरपणे मांडले आणि त्यामुळे पराभवाचे कारण आधीच तयार करून ठेवल्यासारखे झाले. तरीही दोषाची वाटणी समान करता येणार नाही. वेळापत्रकावर अंतिम शब्द ज्यांचा होता, त्यांनी २०१९ मध्ये लीग थांबवली आणि २०२३ मध्ये वेळेवर थांबवली नाही. एवढा फरक कागदोपत्री स्पष्ट आहे.

परंतु बचावाचे श्रेय आणि गोलांचा अभाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थोड्या सरावाचा परिणाम बहुतेकदा बचावाच्या रचनेवर दिसतो, आणि उझबेकिस्तानविरुद्ध चौथ्या, अठराव्या आणि मध्यंतराआधीच्या भरपाई वेळेत झालेल्या गोलांमध्ये तो दिसलाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत आणि सीरियाविरुद्ध ७६ व्या मिनिटापर्यंत मात्र हाच बचाव टिकला होता. समोर गोल करणारा कोणी नव्हता. २०११ आणि २०१९ या दोन स्पर्धांत मिळून भारताने सात गोल केले होते आणि त्यांतले चार एकाच खेळाडूचे होते. तोच खेळाडू, म्हणजे संघाचा कर्णधार, २०२४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी आघाडीला उभा होता.

हे एका खेळाडूच्या मोठेपणाचे लक्षण आहे, तसेच व्यवस्थेच्या रिकामपणाचेही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या लीगमध्ये सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात असत, नंतर पाच, आणि २०२१-२२ च्या हंगामापासून चार. संख्या घटली तरी क्लबांनी परदेशी खेळाडूंसाठी राखून ठेवलेली पहिली जागा आघाडीचीच राहिली, कारण गोल विकत घेता येतो आणि क्लबला तो याच हंगामात हवा असतो. त्यामुळे पहिल्या दहा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळाला नाही. भारतीय आघाडीपटू कडेला ढकलला गेला, चेंडू पळवत नेऊन दुसऱ्याच्या पायाशी देण्यात तरबेज झाला, आणि गोलासमोर पाठ करून दोन बचावपटूंना अंगावर घेण्याची सवय त्याला लागलीच नाही. ही सवय चार आठवड्यांच्या शिबिरात लागत नाही, आणि आठ महिन्यांच्याही नाही; ती प्रत्येक आठवड्याच्या सामन्यात लागते. बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांकडे पाहिले तरी हे कळते. आघाडीला खेळायला त्यांच्यातला प्रत्येक जण भांडतो. मोठ्या मैदानापर्यंत पोहोचलेल्या भारतीय मुलाला मात्र ती जागा रिकामी सापडत नाही.

कतारनंतरच्या घटना याच दिशेने गेल्या. संघ जागतिक क्रमवारीत १०२ व्या स्थानावरून ११७ व्या स्थानावर घसरला. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा पराभव झाला, जूनमध्ये कर्णधाराने कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने निरोप घेतला, आणि काही दिवसांतच प्रशिक्षकाला पदावरून दूर करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये, पुढच्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीच्या तोंडावर, निवृत्त कर्णधाराला पुन्हा बोलावण्यात आले; चाळिशी गाठलेल्या त्या खेळाडूने शिलाँगला मालदीवविरुद्धच्या पुनरागमनाच्या सामन्यात गोलही केला. बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून ०-१ अशी हार यांनंतर प्रशिक्षक पुन्हा बदलला. ऑगस्टमध्ये नव्या, या वेळी भारतीय, प्रशिक्षकाने शिबिर बोलावले तेव्हा एका मोठ्या क्लबने आपले खेळाडू पाठवले नाहीत, कारण ते दिवसही राखीव कालखंडाच्या बाहेरचे होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानात भारताने सिंगापूरविरुद्ध आघाडी घेतली, ती टिकवता आली नाही, सामना १-२ असा गमावला आणि २०२७ मध्ये सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई करंडकाचा रस्ता बंद झाला.