कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन: पात्रता, कागदपत्रे आणि मागे राहून जाणारे प्रमाणपत्र

सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन मोफत होते, हे गावोगाव माहीत आहे. पण बहुतेक जण डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी जातात आणि नसबंदीचे प्रमाणपत्र घ्यायला परत येत नाहीत. पुढे अडते ते इथेच. म्हणून ही माहिती प्रमाणपत्रापर्यंत नीट वाचा.

पात्रतेचे निकष देशभर सारखेच आहेत. स्त्रीचे वय 22 ते 49, पुरुषाचे 60 च्या आत. विवाहित असावे आणि किमान एक मूल एक वर्षापेक्षा मोठे असावे. वैद्यकीय कारण असेल तर मुलाची अट लागत नाही. दोघांपैकी एकाचे ऑपरेशन आधी झाले असेल तर दुसऱ्याचे करत नाहीत, पहिले फसले असेल तरच करतात. नवऱ्याच्या सहीची अट मात्र कुठेही नाही. संमती फक्त ज्याचे ऑपरेशन त्याची, तीही संमतीपत्र कळेल अशा भाषेत वाचून दाखवल्यावर. बाईला "मालकांना घेऊन या" म्हणून परत पाठवले जात असेल, तर हा नियम ठामपणे सांगावा.

सुरुवात आशाताई, आरोग्य सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. सोबत आधार कार्ड, स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले किंवा माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने शिधापत्रिका आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने जातीचा दाखला न्यावा, कारण स्त्रियांच्या मोबदल्यात त्याने फरक पडतो: या गटांना 600 रुपये, इतरांना 250. पुरुष नसबंदीला राज्यात 1451 रुपये मिळतात. रक्त-लघवीची तपासणी आधी होते. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी, आणि एरवी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत स्त्रीचे ऑपरेशन करतात.

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. तरीही घरोघरी पुढे केले जाते ते बाईलाच, आणि हे बदलायला हवे.

आता प्रमाणपत्र. स्त्रीला ते ऑपरेशननंतर एक महिन्याने किंवा पुढची पाळी आल्यावर मिळते. पुरुषाला तीन महिने थांबून वीर्यतपासणी करावी लागते. शुक्राणू नाहीत असा अहवाल आला तरच प्रमाणपत्र. तोवर निरोध वापरणे गरजेचेच आहे, कारण ऑपरेशन झाल्या झाल्या नसबंदी पूर्ण होत नाही. ही तपासणी सर्वांत जास्त चुकवली जाते, आणि घरी पुन्हा गर्भ राहण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हा कागद लागतो कुठे? 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 'लेक लाडकी' योजनेत (यात सरकार मुलीसाठी टप्प्याटप्प्याने पैसे देते) पहिल्या मुलीचा तिसरा हप्ता आणि दुसऱ्या मुलीचा दुसरा हप्ता मागताना कुटुंब नियोजनाचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

दुसरी गरज अधिक गंभीर आहे. क्वचित ऑपरेशन फसते. पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखाना गाठा. गर्भपात हवा असल्यास तो मोफत करून मिळतो. कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेत अपयशासाठी 60,000 रुपये, गुंतागुंत झाल्यास 60 दिवसांपर्यंतच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च 50,000 पर्यंत, आणि डिस्चार्जनंतर सात दिवसांत मृत्यू झाल्यास वारसाला 4 लाख रुपये मिळतात. आठव्या ते तिसाव्या दिवसातील मृत्यूसाठी 1 लाख. पूर्वी या रकमा निम्म्या होत्या; 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरांतील हलगर्जीपणाबद्दलच्या देविका बिस्वास प्रकरणात त्या वाढवायला सांगितले.

दावा घटनेपासून 90 दिवसांत करायचा असतो. अर्ज जिथे ऑपरेशन झाले त्याच दवाखान्यात द्या, तिथून तो जिल्हा समितीकडे जातो. सोबत संमतीपत्राची प्रत, नसबंदी प्रमाणपत्र आणि गर्भ राहिल्याचा पुरावा म्हणून सोनोग्राफीचा अहवाल जोडा, आणि अर्ज दिल्याची पोच तारखेसह मागून घ्या.