‘उच्च तापमान’ या शब्दाचा गुंता: अतिसंवाहकतेच्या सिद्धांताची पार्श्वभूमी

पाऱ्यातली अतिसंवाहकता, म्हणजे विद्युतरोध पूर्ण नाहीसा होणे, १९११ साली ४.२ केल्विनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला) सापडली. ती का उद्भवते, हे कळायला १९५७ साल उजाडले. मधले दोनच टप्पे इथे पुरेत. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणजे तो निव्वळ ‘रोध नसलेला वाहक’ नव्हे, हे १९३३ मध्ये दिसले. पाऱ्याचा समस्थानिक बदलला की संक्रमण तापमानही (ज्याखाली अतिसंवाहकता येते ते तापमान) सरकते, हे १९५० मध्ये आढळले. अणुकेंद्र जड की हलके यावर ते तापमान ठरत असेल, तर स्फटिकजालकाची कंपने, म्हणजे फोनॉन, यात सामील असणारच.

१९५७ चा बीसीएस (बार्डीन, कूपर, श्रीफर) सिद्धांत याच धाग्यावर उभा राहिला. इलेक्ट्रॉन जाता जाता धन आयनांना किंचित जवळ ओढतो. आयन जड असल्याने सावकाश परततात आणि तोवर तिथे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. अशा जोड्या मिळून एकच पुंज (क्वांटम) अवस्था बनते. अतिसंवाहक कड्यात अडकलेला चुंबकीय अभिवाह (फ्लक्स) १९६१ मध्ये मोजला गेला, तेव्हा त्याच्या एककातून विद्युतभार दोन इलेक्ट्रॉनांचा असल्याचे दिसले.

गडबड पुढे झाली. १९६८ च्या एका सूत्रावरून आणि नंतरच्या युक्तिवादांवरून असा समज पसरला की फोनॉनच्या बळावर ३०-४० केल्विनच्या वर जाता येणार नाही. मुळातले अंदाज ठरावीक पदार्थकुळांपुरते होते. लोकांनी त्यांचा निसर्गनियम करून टाकला. १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांनी, म्हणजे क्युप्रेटांनी, ३० केल्विनच्या पुढे मजल मारली आणि १९८७ मध्ये ९३ केल्विन गाठले. द्रव नायट्रोजनचा ७७ केल्विनचा उत्कलनबिंदू मागे पडला आणि ‘उच्च तापमान अतिसंवाहक’ हे नाव चिकटले.

नाव तापमानाचे, पण वापर यंत्रणेसाठी, म्हणजे जोड्या कशामुळे जुळतात यासाठी. २००१ मध्ये मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक ठरले, पण ते फोनॉनवाले म्हणून ‘पारंपरिक’. २००८ नंतरच्या लोहकुळातले (लोहाच्या संयुगांतले) आयर्न सेलेनाइड सामान्य दाबाला जेमतेम ८ केल्विनवर अतिसंवाहक होते, म्हणजे साध्या नायोबियमच्या ९.२ केल्विनच्याही खाली. तरी त्याची चर्चा ‘उच्च तापमान’ याच सदरात होते! कडेलोट २०१५ मध्ये झाला. सुमारे १५० गीगापास्कल दाबाखाली हायड्रोजन सल्फाइडने २०३ केल्विन गाठले, आणि तेही जुन्या फोनॉन यंत्रणेने. २०१९ मध्ये लँथनम हायड्राइड २५० केल्विनवर पोहोचले. हायड्रोजन हलका, त्याची कंपने जलद. सिद्धांताच्या हिशोबात ते चपखल बसते. ३०-४० केल्विनचे छत बीसीएसने घातलेच नव्हते.

क्युप्रेटांकडे बोट दाखवून म्हटले जाणारे ‘बीसीएस चुकला’ हे वाक्य म्हणूनच सैल वाटते. क्युप्रेटांतही जोड्याच असतात, हे मोजून झाले आहे. वाद जोड्या जुळवणाऱ्या डिंकाचा आहे. मूळ क्युप्रेट हे प्रतिलोहचुंबकी (शेजारच्या अणूंची चुंबकत्वे उलटसुलट असलेले) विद्युतरोधक असतात, आणि जोडीच्या तरंगफलनाचे (तिची पुंज अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीचे) चिन्ह दिशेनुसार पालटते, हे १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचा कल चुंबकीय आंतरक्रियेकडे आहे. एकमत मात्र नाही.

आता निकेलेटांची, म्हणजे निकेलच्या ऑक्साइडांची, भर पडली आहे. २०१९ मध्ये पातळ थरांत अतिसंवाहकता दिसली ती १५ केल्विनच्या आत. २०२३ मध्ये निराळ्या रचनेच्या निकेलेटात दाबाखाली सुमारे ८० केल्विन मिळाले. दोन्हींना एकाच नावाखाली बसवायची घाई सुरूही झाली आहे.