घरच्या जलतरण तलावाचे कुंपण : कायद्याची पार्श्वभूमी

अलिबाग, नागावपासून तारकर्लीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत बंगले उभे राहत आहेत आणि त्यांच्या आवारात पोहण्याचा तलाव असणे आता नवलाईचे राहिलेले नाही. त्या तलावाला कुंपण असावे की नाही, हे मात्र बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर असते.

धोकादायक पाण्याला कुंपण घालायला लावणे आपल्या कायद्याला नवीन नाही. सार्वजनिक रस्त्यालगतची विहीर, तळे किंवा खड्डा कुंपणाने बंदिस्त करण्याचा आदेश देण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने दंडाधिकाऱ्याला दिला होता. हीच तरतूद १९७३ च्या संहितेत कलम १३३ म्हणूनच राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून टिकून आहे. पण या कलमाची सारी काळजी वाटसरूसाठी आहे. घराच्या पडवीतून उतरून दोन मिनिटांत तलावाच्या काठाशी पोहोचणारे तीन वर्षांचे मूल त्याच्या कक्षेत येतच नाही, आणि खरी उणीव हीच आहे.

ही उणीव न्यूझीलंडने १९८७ च्या स्वतंत्र कायद्याने भरून काढली. कुंपण किमान १.२ मीटर उंच, खालची फट १०० मिलिमीटरपेक्षा कमी, फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि आपोआप बंद होणारे, अशा बारीकसारीक अटी त्यात आल्या. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ चा कायदा आला, तर फ्रान्सने २००३ मध्ये कुंपण, आच्छादन, धोक्याची घंटा किंवा बंदिस्त छत यांपैकी एक उपाय सक्तीचा केला. या साऱ्या अनुभवातून पुढे आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे केवळ आवाराला नव्हे, तर तलावाला घरापासूनही चारही बाजूंनी वेगळे करणारे कुंपणच लहान मुलांना अधिक वाचवते.

कोकणातल्या आवाराला गडगा, म्हणजे दगडांची कुंपण-भिंत, असतोच, त्यामुळे वेगळे कुंपण कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु गडगा घर आणि तलाव दोन्हींना एकाच वेढ्यात घेतो. शिवाय जांभ्याच्या धोंड्यांमधील फटींत पाय रोवून पोर सहज वर चढते. दुसरी अडचण खाऱ्या हवेची आहे. फाटकाची स्प्रिंग आणि बिजागऱ्या इथे लवकर गंजतात, फाटक अर्धवट उघडे राहू लागते. न्यूझीलंडमध्ये २०१७ पासून दर तीन वर्षांनी तलावाच्या अडथळ्याची तपासणी सक्तीची आहे. कोकणासाठी असा नियम करायचा झाल्यास ती तपासणी दरवर्षी, पावसाळा सरताच व्हायला हवी.