समाजमंदिर तीन-चार मंडळांना मिळून वापरायचंय? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

गावात समाजमंदिर बहुतेक ठिकाणी असतं. आमदार निधीतून, पंचवीस-पंधराच्या (२५१५, ग्रामविकास विभागाचा गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचा निधी) लेखाशीर्षातून किंवा वस्ती विकास योजनेतून बांधलेलं. बाहेर कोनशिला ठसठशीत आणि आत मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या, कुणाचं तरी खत. बचत गटाची बैठक मात्र ओसरीवर भरते, स्पर्धा परीक्षेची पोरं देवळात बसतात आणि भजनी मंडळाच्या पेटी-पखवाजाला कायमची जागा नसते. या सगळ्यांनी मिळून जागा रीतसर मागितली तर मिळते. पण एकेकट्याने मागितली, की गावात कुजबुज सुरू होते. म्हणून सुरुवातीलाच एक सांगतो: जागा एका मंडळाच्या नावावर करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. मागायची ती वेळ ठरवून वापरायची परवानगी.

आधी इमारत कुणाची ते बघा

ग्रामपंचायतीत नमुना २२, म्हणजे स्थावर मालमत्ता नोंदवही असते. त्यात समाजमंदिराची नोंद आहे का ते पाहून उतारा मागा. पुष्कळ लोक नमुना ८ चा उतारा जोडतात, पण तो कर आकारणीचा आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. नोंद पंचायतीकडे नसेल तर इमारत जिल्हा परिषदेची, शाळेची किंवा एखाद्या देवस्थानाची असू शकते. मग अर्जही त्यांच्याकडेच जातो.

इमारत कोणत्या निधीतून झाली हेही विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्ती विकास योजनेतून बांधलेलं समाजमंदिर त्या वस्तीसाठी आहे. तिथल्या लोकांना बाजूला ठेवून बाकीच्या गावाने वेळापत्रक आखणं चुकीचं आहे आणि त्यावरून वाद पेटायलाही वेळ लागत नाही. त्यांची बैठक आधी घ्या, त्यांचं मंडळ अर्जात पहिलं घ्या.

अर्ज कोण करू शकतं

महिला बचत गट, युवक मंडळ, भजनी मंडळ, सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, शेतकरी गट. सदस्य गावचे असावेत, काम सर्वांसाठी खुलं असावं आणि पदाधिकाऱ्यांची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नसावी, इतकं पंचायत साधारणपणे बघते. राजकीय पक्षाची शाखा किंवा कुणाचा खासगी क्लास यात घुसवू नका.

नोंदणीचा प्रश्न हमखास येतो. बचत गटाला तासाभराच्या वापरासाठी संस्था म्हणून नोंदणी करत बसायची गरज नाही. 'उमेद'मधला (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला) गट असेल तर ग्रामसंघाचं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाचं पत्र, गटाचा ठराव आणि बँक पासबुकाची झेरॉक्स बहुधा पुरते. मंडळाला अनुदान, देणग्या घ्यायच्या असतील तर नोंदणी करून टाकलेली बरी. त्यासाठी किमान ७ सदस्य, संस्थेची घटना व नियमावली, सदस्यांची संमतीपत्रं आणि कार्यालयाच्या जागेचा ना-हरकत दाखला घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखालची नोंदणी तिथेच होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो आणि कागदोपत्री अध्यक्ष म्हणून दिवंगत माणूसच वर्षानुवर्षं नांदतो.

जोडायची कागदपत्रं

- सर्व मंडळांच्या सह्यांचा एकच संयुक्त अर्ज
- प्रत्येक मंडळाचा ठराव आणि दोन प्रतिनिधींचे आधार
- नोंदणी असल्यास प्रमाणपत्र, नसल्यास सदस्यांची सहीनिशी यादी
- थकबाकी नसल्याचा दाखला
- नमुना २२ चा उतारा
- वेळापत्रक आणि आपसातला करार

करार मुद्रांकावर करणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा कागद लागतो.

अर्जाचा प्रवास

अर्ज सरपंचांच्या नावे लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या (गावात अजून भाऊसाहेब किंवा ग्रामसेवकच म्हणतात) आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. विषय आधी मासिक सभेत जातो. तिथेच मंजूर होऊ शकतो, तरी मी म्हणेन ग्रामसभेतूनही करून घ्या. वर्षातून किमान ४ ग्रामसभा होतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. नोटीस ७ दिवस आधी निघते, म्हणून विषय त्याआधीच विषयपत्रिकेवर गेला पाहिजे. 'आयत्या वेळचे विषय' यात घेतलेला ठराव पुढे टिकवणं जड जातं.

ठरावाची भाषा स्वतः लिहून न्या. साधारण अशी:

'मौजे … येथील समाजमंदिर पुढील मंडळांना ११ महिन्यांकरिता वेळापत्रकाप्रमाणे वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे. बचत गट दुपारी २ ते ४. अभ्यासिका व वाचनालय सायंकाळी ६ ते ९. भजनी मंडळ दर एकादशीस रात्री ८ ते १०. त्या दिवशी अभ्यासिका ७.३० वाजता बंद होईल. इमारतीची मालकी व ताबा ग्रामपंचायतीकडेच राहील. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.'

एकादशीची ती ओळ क्षुल्लक वाटेल. पण ती कुठल्याही वारी येते आणि परीक्षेच्या तोंडावर आली की टाळ आणि पुस्तक समोरासमोर ठाकतात. हरिनाम सप्ताहाचे दिवसही आधीच लिहून ठेवा. आणि शेवटच्या आधीचं वाक्य, ताब्याचं, कुणी कितीही सांगितलं तरी गाळू नका. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करायचा म्हटलं की प्रकरण जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जातं. वापराच्या परवानगीला एवढा खटाटोप नाही.

वीजबिल, किल्ली, लग्नं

भांडणं इथे होतात, तेव्हा करारात हेच सविस्तर हवं. मीटर पंचायतीच्या नावे राहू द्या. बिलाचा वाटा तासांप्रमाणे ठरवा, कारण अभ्यासिकेचे पंखे रोज फिरतात आणि भजन महिन्यातून दोनदा. सारखा वाटा केला की तीन महिन्यांत कुणीतरी हात वर करतं. किल्ल्या दोनच: एक पंचायतीत, दुसरी ज्याचं घर जवळ त्या प्रतिनिधीकडे. आत एक वही ठेवा, त्यात उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि सही.

लग्न-बारशाला हॉल द्यायचा की नाही हे पंचायत ठरवेल. भाडंही तिनेच घ्यायचं आणि नमुना ७ ची पावती द्यायची. मंडळाने परस्पर पैसे घेतले तर परवानगी गेलीच म्हणून समजा. स्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद.

उत्तरच आलं नाही तर

आधी लेखी स्मरणपत्र द्या. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. सोबत गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते, पण गावातलं काम आहे, ती पायरी शेवटची ठेवा.

सरपंच बदलले म्हणून ठराव आपोआप रद्द होत नाही. निवडणुकीत समाजमंदिर मतदान केंद्र झालं तर तेवढे दिवस जागा सोडावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या महिनाभर आधी द्या, जोडीला बिल भरल्याच्या पावत्या आणि त्या वहीची झेरॉक्स लावा.