चाळ (गिरणगाव, मुंबई)

मुंबईतील परळ, लालबाग, शिवडी, वरळी या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात कामगारवस्तीसाठी उभी राहिलेली, एकेका खोलीच्या बिऱ्हाडांची भाड्याची इमारत. शहरातील पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. चाळींची मोठ्या प्रमाणावरील बांधणी त्यानंतरची, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील असावी.

चाळीच्या घडणीविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ लष्करी बराकींत शोधतात, तर काही चौक व सज्जा असलेल्या वाड्याशी तिचे नाते जोडतात. समाईक गॅलरीवरून दुसरे मत आकर्षक वाटते. तथापि एकट्या आलेल्या पुरुषांना कमीत कमी जागेत ठेवून भाडे मिळवण्याचा घरमालकाचा हिशेब दोन्हींपेक्षा निर्णायक ठरला असावा. पुढे सरकारने बांधलेल्या काही चाळींत तर गॅलरीही नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहरसुधारणेची संस्था स्थापन झाली आणि १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, बीडीडी) निघाले. या खात्याच्या वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथील तीन मजली काँक्रीटच्या चाळींत मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या, एका चाळीत ८० याप्रमाणे खोल्या होत्या. भाडे न परवडल्याने आरंभी त्यांतील बऱ्याच रिकाम्या राहिल्या.

खाजगी चाळींत नळ व संडास समाईक असत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले पुरुष गावकीच्या (एकाच गावच्या मंडळींच्या) खोलीत भाडे वाटून राहत. पाळीनुसार झोपण्याची जागाही वाटली जाई, कारण एकाची पाळी सुटताना दुसऱ्याची भरत असे. सामान पेटी व वळकटीपुरते असे. नोकरी, उसनवार आणि आजारपणातील सोय गावकी व जॉबर (गिरणीत कामगार भरणारा मुकादम) यांच्यामार्फत होत असल्याने खोली बदलणे हा केवळ भाड्याचा प्रश्न नसे. जातीची सीमाही चाळीत शिरली होती: गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव असे, आणि बिऱ्हाडेही बहुधा जातवार वसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिले.

स्त्रियांच्या दिनक्रमाविषयी लिखित साधने तुटपुंजी असून त्यांत खाणावळवाल्यांचाच उल्लेख विशेष येतो. आपल्याच खोलीत रांधून त्या एकट्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. पैसे पगारानंतर मिळत, किराणा मात्र आधी भरावा लागे. ही तूट बहुधा सावकाराच्या कर्जाने भरून निघे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यास आरंभ केला. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबल्याने खाणावळींचाही आधार तुटला.