'शंभर टक्के स्वच्छ वीज' म्हणजे नेमके काय? डेटा सेंटरच्या हिशेबाची पार्श्वभूमी

2000 ते 2005 या पाच वर्षांत जगभरातल्या सर्व्हरचा वीजवापर जवळपास दुप्पट झाला आणि 2007 मध्ये डेटा सेंटर (सर्व्हर ठेवलेले केंद्र) वीज किती काटकसरीने वापरते हे दाखवणारे पीयूई (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस) हे माप पुढे आले. केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हर, स्टोरेज व नेटवर्कची वीज, एवढाच हा हिशेब. तेव्हा सरासरी 2.5 च्या घरात होती, म्हणजे कामाच्या एका युनिटमागे दीड युनिट चिलर (थंडाव्याची यंत्रे), पंखे आणि यूपीएसमध्ये जात होते. आज सरासरी 1.6 च्या खाली आहे.

पण सर्व्हरच्या आतले पंखे या मापात 'कामाची वीज' धरले जातात. हॉलचे तापमान 22 वरून 27 अंशांवर नेले की चिलरला आराम मिळतो, मात्र हे पंखे जोरात फिरू लागतात आणि त्यांची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. छेद फुगतो, पीयूई सुधारतो, एकूण बिल मात्र चढलेले असू शकते. पाणी तर या मापात दिसतच नाही. बाष्पीभवनाने 1 युनिट उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडून जाते. क्षार साचू नयेत म्हणून कूलिंग टॉवरमधून सोडावे लागणारे पाणी वेगळेच.

2010 ते 2018 हा काळ दिलासा देणारा होता. संगणनाचे काम सुमारे साडेसहापट झाले, वीज फक्त 6 टक्क्यांच्या आसपास वाढली. याच काळात आपली वीज 'शंभर टक्के स्वच्छ' असल्याचा कंपन्यांचा दावा रुळला, आणि खरा वाद तिथेच आहे.

स्वच्छ स्रोतातून 1 मेगावॉट-तास वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र निघते. वर्षाच्या वापराइतकी प्रमाणपत्रे जमवली की दावा पूर्ण. आता अखंड 10 मेगावॉट घेणारे केंद्र पाहा. दिवसाची गरज 240 मेगावॉट-तास. 20 टक्के क्षमता-वापराचा (म्हणजे सरासरीने क्षमतेच्या 20 टक्के वीज देणारा) 50 मेगावॉटचा सौर प्रकल्प सरासरीने तेवढीच वीज देतो. पण भर दुपारी त्यातून 40 मेगावॉट निघतात, त्यातले 30 ग्रीडला जातात आणि रात्री केंद्र ग्रीडवर जे चालू असेल ते घेते. बऱ्याच ठिकाणी तो कोळसा किंवा गॅस असतो. ऊन उपयोगी पडणारे 10 तास धरले तरी उरलेल्या 14 तासांसाठी 140 मेगावॉट-तास लागतात. बॅटरीतली घट धरली तर साठवण 160 च्या आसपास हवी, आणि ढगाळ दिवस यात धरलेलेच नाहीत.

विजेमुळे होणारे कार्बन उत्सर्जन मोजण्याचे 2015 पासूनचे नियम दोन आकडे मागतात: एक ग्रीडच्या सरासरीवरून, दुसरा खरेदीच्या करारांवरून. जाहिरातीत दुसराच झळकतो. 2020 पासून काही कंपन्यांनी तासागणिक ताळमेळाची, म्हणजे ज्या तासाला वीज वापरली त्याच तासाला स्वच्छ वीज तयार झालेली असण्याची, वाट धरली. लहान ग्राहकांना ती परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीही रात्रीची वीज मोजायची तर याहून प्रामाणिक पद्धत नाही.

एआयने हा वाद तातडीचा केला. एकेक चिप 700 वॉट घेते, सर्व्हरचे रॅक 100 किलोवॉटच्या पुढे गेले आणि नुसत्या हवेने ते थंड होत नाहीत. 2024 मध्ये डेटा सेंटरनी सुमारे 415 अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का, वापरली. 2030 चा अंदाज 945 अब्जांचा आहे. ग्रीडची जोडणी मिळायला वर्षे लागतात, म्हणून काही ठिकाणी आवारातच गॅस टर्बाइन बसली आहेत. त्यांचा धूर थेट उत्सर्जनात धरला जातो, आणि विजेचे कितीही प्रमाणपत्र घेतले तरी तो आकडा कमी होत नाही.