सेंद्रिय अरेषीय स्फटिक

तीव्र लेसर प्रकाशाची वारंवारता बदलून देणारे कार्बनी रेणूंचे स्फटिक. या विषयाची सुरुवात १९६१ साली झाली. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्‌झमधून पाठवला आणि निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा, जंबुपार प्रकाश बाहेर पडला. शोधनिबंधाच्या छपाईत छायाचित्रातला तो पुरावा देणारा बारीक ठिपकाच डाग समजून पुसला गेला, असा किस्सा सांगतात.

वारंवारता अशी दुप्पट व्हायची तर स्फटिकाला सममितीचे केंद्र (ज्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक अणूचा जोडीदार बरोबर समोरासमोर येतो असा बिंदू) असून चालत नाही. ३२ स्फटिकवर्गांपैकी २१ वर्गांत ते नसते. सेंद्रिय रेणूंची अडचण इथेच आहे: एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्या टोकाला घेणारा गट असलेला रेणू कामाचा खरा, पण असे रेणू जोडीजोडीने उलटसुलट बसतात आणि परिणाम शून्यावर येतो. एल-आर्जिनीनसारखी अमिनो आम्ले वापरण्याचे कारण हेच. त्यांचा रेणू ‘एकहाती’ असतो, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन आरसारूपांपैकी एकच, त्यामुळे केंद्र तयार होऊच शकत नाही. साखरेचेही तसेच. चिकोडी-रायबागच्या उसातून आलेली खडीसाखर या कसोटीला उतरते, पण परिणाम क्षीण असल्याने तिचे उपकरण कोणी करत नाही.

स्फटिक वाढवण्याची कला मात्र बेळगाव भागातल्या साखर कारखान्यांना नवी नाही. पॅनमन (पाक आटवून दाणा पाडणारा कामगार) पाकात बीज सोडतो, काचेवर थेंब घेऊन दाणा बघतो आणि फॉल्स ग्रेन (नको असलेले नवे बारीक दाणे) पडू नये म्हणून अतिसंपृक्तता, म्हणजे विरघळण्याच्या मर्यादेपलीकडची साखर, सांभाळतो. त्याला काही तासांत सारख्या आकाराचे असंख्य दाणे हवे असतात. प्रयोगशाळेत काही आठवड्यांत एकच दाणा हवा असतो, तोही काचेसारखा. संपृक्त द्रावण गाळून बीकरमध्ये घेतात, तोंडावर प्लास्टिक ताणून टाचणीने चारसहा भोके पाडतात आणि बीजस्फटिक दोऱ्याने आत सोडतात. खर्च नगण्य, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पांना ही पद्धत सोयीची. खानापूरकडच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाण्यातल्या द्रावणाची पातळी हलतच नाही. लाइट जाऊन स्थिरतापी पात्र रात्री थंड झाले, की तळाशी बारीक दाण्यांचा थर बसतो आणि मधला स्फटिक दुधाळ होतो. डीएएसटी या सेंद्रिय क्षाराचा प्रभावी स्फटिक तर मेथॅनॉलमध्ये वाढवतानाही ओलाव्यापासून जपावा लागतो: पाणी शिरून बनणाऱ्या त्याच्या हायड्रेटला सममितीचे केंद्र असते, आणि दुपटीचा गुण जातो.

प्राथमिक चाचणी म्हणजे १९६८ ची कुर्ट्‌झ-पेरी चूर्णपद्धत. स्फटिक कुटून चाळतात आणि चूर्णावर १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य लेसर स्पंद सोडतात. अंधारात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा उजेड चमकतो. त्याची तीव्रता तेवढ्याच आकाराच्या केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) किंवा युरियाच्या चूर्णाशी ताडून बघतात. कणाचा आकार वाढवत नेला आणि तीव्रता वाढून स्थिरावली, तर प्रावस्था जुळते, म्हणजे मूळ आणि दुप्पट वारंवारतेच्या लहरी स्फटिकातून एकाच तालात पुढे जाऊ शकतात. घसरली, तर नाही. एकाच आकाराच्या कणांवर आकडा देणाऱ्याने ही माहिती गमावलेली असते. पारदर्शकतेची मर्यादा, विकर्स कठिनता, वितळणबिंदू आणि लेसरने होणाऱ्या इजेची मर्यादा या त्यानंतरच्या चाचण्या.

सगळ्यात मोठा घोळ ग्लायसीन या अमिनो आम्लाचा. त्यात एखादा क्षार मिसळून ‘नवा’ म्हणून जाहीर केलेले काही स्फटिक क्ष-किरण विवर्तनात नुसते गॅमा ग्लायसीन, म्हणजे ग्लायसीनचेच एक स्फटिकरूप, निघाले. क्षार द्रावणातच राहिला होता. गॅमा रूपाला सममितीचे केंद्र नसते, त्यामुळे हिरवा उजेड मात्र त्यांनीही दिला होता.